ड्यूटीचा रोटा, शेतीची वीज आणि घर : एका जीएनएम विद्यार्थिनीचे प्रकरण

हे प्रकरण अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून जळगावच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये शिकायला येणाऱ्या विवाहित विद्यार्थिनीचे आहे. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात तिने जीएनएमला (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या तीन वर्षांच्या पदविकेला) प्रवेश घेतला, तेव्हा तिने पस्तिशी ओलांडली होती, पदरी दोन मुले होती आणि अमळनेरच्या एका खासगी नर्सिंग होममध्ये ती बरीच वर्षे एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, म्हणजे सहायक परिचारिका व प्रसाविका) म्हणून नोकरी करत होती. तिच्या वर्गाची समन्वयक या नात्याने तिचे शिक्षण मी अगदी जवळून पाहिले. तिच्या आणि तिच्या घरच्यांच्या संमतीने हे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नोकरी, संसार आणि नर्सिंगचे शिक्षण यांचा मेळ बसणे हे बाईच्या जिद्दीवर अवलंबून असते, असे आपल्याकडे सरसकट मानले जाते. जिद्द तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. तरीही दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिचे शिक्षण सुटण्याच्या बेतात आले. ते पुढे सावरले, त्याचे मुख्य कारण माझ्या मते एवढेच, की कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी ती घरी नसेल हे तिच्या घराला महिनाभर आधी कळू लागले. हे कारण वरवर किरकोळ वाटते, म्हणूनच प्रकरण तपशिलाने मांडणे मला आवश्यक वाटते.

प्रवेशामागची गरज

एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो आणि त्या पात्रतेवर सरकारी सेवेत आरोग्यसेविकेचे पद मिळू शकते. रुग्णालयातील अधिपरिचारिकेच्या (स्टाफ नर्सच्या) पदासाठी मात्र जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग लागते. खासगी नर्सिंग होममध्ये सलाईन लावणे, इंजेक्शने देणे, प्रसूतीत मदत करणे ही कामे एएनएम आणि जीएनएम दोघीही करतात, पण पगारातला फरक दर महिन्याला डोळ्यांसमोर असतो. करोनाच्या दोन लाटांत या विद्यार्थिनीने अधिपरिचारिकांच्या बरोबरीने काम केले आणि त्याच काळात पुढे शिकायचे तिने मनाशी पक्के केले. जीएनएमच्या प्रवेशाला एरवी पस्तीस वर्षांची वयोमर्यादा आहे. मात्र नोंदणीकृत एएनएमला ती लागू होत नाही. हे अनेक एएनएम भगिनींना माहीत नसते आणि वय निघून गेले असे समजून त्या अर्जच करत नाहीत. हिलाही ते एका सहकारी परिचारिकेकडून योगायोगाने कळले.

घरात पती, सासूबाई, चौथीतली मुलगी आणि अंगणवाडीत जाणारा मुलगा अशी माणसे होती. जाऊ आणि जेठ शेजारीच वेगळे राहत. विहिरीच्या पाण्यावर चालणारी थोडी शेती होती. ठिबकवर पूर्वहंगामी कापूस आणि कापूस निघाल्यावर गहू, मका. कापसाचा पैसा वर्षातून एकदाच हाती येतो आणि आधीच्या देण्यांत बराचसा जातो. महिन्याच्या महिन्याला येणारी रक्कम तिच्या पगाराचीच होती, त्यामुळे नोकरी पूर्ण सोडणे शक्य नव्हते. नर्सिंग होमच्या डॉक्टरांशी बोलून तिने शनिवारची रात्र, रविवार आणि गरजेप्रमाणे आठवड्यातल्या एखाद-दोन रात्री एवढेच काम ठेवले. जीएनएम हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे आणि विद्यार्थिनीने नोकरी करावी असे त्याच्या आखणीत कुठेही गृहीत धरलेले नाही, याची तिला प्रवेशाच्या वेळीच कल्पना दिली होती.

पहिले वर्ष निभावले. त्या वर्षी वर्गातल्या तासिकांचा भार मोठा असतो. शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे, सामाजिक आरोग्य परिचर्या आणि त्याबरोबर इंग्रजी. शाळा सुटून कित्येक वर्षे झालेल्या बाईला शरीररचनेचे इंग्रजी पुस्तक जड गेले आणि त्या विषयात ती पहिल्या प्रयत्नात नापास झाली. पुरवणी परीक्षेत तो विषय सुटला. पहाटे चारला उठून अभ्यास करण्याचा सल्ला तिला सगळ्यांनी दिला होता, पण पुस्तक उघडताच तिला झोप येई. तिचा खरा अभ्यास झाला तो सुरत-भुसावळ मार्गावरच्या पॅसेंजरमध्ये. धरणगावहून चढणारी एक वर्गमैत्रीण मोठ्याने वाचत असे आणि ही ऐकून तेच मराठीत पुन्हा सांगत असे. सामाजिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकात, गावात घरोघरी जाताना, मात्र चित्र उलटे होते. तिथे अहिराणी बोलणारी, दारातल्या म्हातारीला आधी तब्येत विचारून मग वहीकडे वळणारी हीच विद्यार्थिनी अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींना शिकवत होती.

दुसरे वर्ष : अडचणींची साखळी

दुसऱ्या वर्षी वैद्यकीय-शल्य परिचर्या, बाल आरोग्य परिचर्या आणि मानसिक आरोग्य परिचर्या हे विषय येतात आणि वॉर्डातले तास वाढतात. सकाळी आठ ते दोन, दुपारी दोन ते आठ अशा पाळ्या लागतात, पुढे रात्रपाळीही येते. त्या वेळी आमच्याकडे पुढच्या आठवड्याचा रोटा, म्हणजे कोणाची कोणती पाळी याचा तक्ता, शनिवारी दुपारी फलकावर लागत असे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना त्याने काही फरक पडत नव्हता. शनिवारी संध्याकाळी गावी पोहोचून, सोमवारपासून आठवडाभर दुपारपाळी आहे हे घरी सांगणाऱ्या बाईला मात्र सगळा संसार एका रात्रीत नव्याने मांडावा लागत होता, आणि त्या रात्री ती नर्सिंग होममध्ये ड्यूटीवर असे.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी आणि त्यांच्या घरच्यांनी हजेरीचा नियम नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचे बरेच काही त्यातून घडले. परीक्षेला बसण्यासाठी तासिकांत आणि प्रात्यक्षिकांत प्रत्येकी किमान ८० टक्के उपस्थिती लागते. पण पदविका हाती पडण्यापूर्वी वॉर्डातले प्रात्यक्षिकाचे तास १०० टक्के भरून द्यावे लागतात. म्हणजे तासिकेचा बुडालेला दिवस मर्यादेत असेल तर माफ होतो; वॉर्डातला बुडालेला दिवस माफ होत नाही, तो उधारीसारखा अंगावर राहतो आणि पुढे कधीतरी फेडावाच लागतो. बहुतेक विद्यार्थिनी नेमके उलटे वागतात. वॉर्डात पाय दुखतात, सिस्टर ओरडतात, म्हणून रजा वॉर्डाच्या दिवशी घेतली जाते आणि वर्गाला मात्र हजेरी लागते.

हिच्या बाबतीत रजेचा दिवस निवडण्याची सोयच नव्हती. पावसाळा सरताना तिच्या मुलाला ताप आला. गावात डेंग्यूचे रुग्ण होते, प्लेटलेट उतरत होत्या आणि तिची पोस्टिंग त्याच वेळी बालरोग विभागात होती. दुसऱ्यांच्या मुलांचे तापमान तासातासाने तक्त्यावर लिहिणारी आई स्वतःच्या मुलाजवळ नाही, हे तिला सहन होणे शक्य नव्हते. तिने रजा घेतली, मुलगा बरा झाला. पण बालरोग विभागातले ते दिवस अंगावर राहिले आणि ते भरून काढायला दिवाळीच्या सुटीशिवाय वेळ नव्हता.

खान्देशात दिवाळी म्हणजे कापूस वेचणीचा ऐन हंगाम. वेचणी प्रामुख्याने बायकांच्या हातची. घरची बाई शेतात नसली की तिच्या जागी मजूर लावावा लागतो आणि वेचणीची मजुरी किलोवर द्यावी लागते. सुटीत ती वॉर्डात तास भरत होती, तेव्हा शेतात मजूर वेचत होते. तो खर्च भरून काढण्यासाठी तिने नर्सिंग होममधल्या रात्री वाढवून घेतल्या. आठवड्यातून चार-चार रात्री जागून सकाळची गाडी पकडायची, आठ वाजता वॉर्डात उभे राहायचे, असा क्रम सुरू झाला.

त्यातच रब्बी सुरू झाली. शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीची लाईट असली की पतीला गव्हाला पाणी भरायला शेतात जावे लागे. पती शेतात आणि पत्नी ड्यूटीवर अशा थंडीतल्या कित्येक रात्री सासूबाई दोन मुलांसह घरात एकट्या होत्या. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि गुडघे दुखत होते. शिवाय नळाला पाणी काही दिवसांआड, तेही पहाटे यायचे. त्या दिवशी घरातल्या कोणाला तरी दोन तास नळापाशीच थांबावे लागे. या सर्व वेळा वेगवेगळ्या ठिकाणी ठरत होत्या आणि त्या एकमेकींवर केव्हा येऊन आदळतील हे घरात कोणालाच आधी कळत नव्हते.

याचा परिणाम जानेवारीत वॉर्डात दिसला. एका वयस्क रुग्णाला ५०० मिलिलिटर नॉर्मल सलाईन आठ तासांत द्यायचे होते. सलाईनची नळी मिलिलिटरला २० थेंब सोडणारी होती. हिशेब साधा आहे : ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, आठ तासांची ४८० मिनिटे, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. रात्र जागून आलेल्या या विद्यार्थिनीने आठऐवजी चार तास धरले आणि तक्त्यावर ४२ लिहिले. रुग्णाचे हृदय आधीच अशक्त होते. दुप्पट वेगाने गेलेले पाणी त्याच्या फुप्फुसांत साठू शकले असते. वॉर्डच्या सिस्टरने थेंब मोजून पाहण्याच्या आपल्या नेहमीच्या सवयीने तो आकडा वेळीच पकडला आणि रुग्णाला काहीही अपाय झाला नाही. ही विद्यार्थिनी गणितात कच्ची नव्हती. वर्गात हेच उदाहरण तिने तोंडी सोडवून दाखवले होते. सलग जागरणानंतर माणसाचे लक्ष असेच दगा देते आणि आपल्या व्यवसायात त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

दुसऱ्या दिवशी ती शिक्षण सोडण्याचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली. अर्जात कारण ‘घरगुती अडचण’ असे होते. घरगुती अडचण हे दोन शब्द अशा अर्जांत मी पुष्कळदा वाचले आहेत आणि त्यांच्या आड काय असते ते विचारले जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

बैठक आणि त्यानंतरची व्यवस्था

अर्ज पुढे पाठवण्याआधी तिच्या पतीला आणि सासूबाईंना स्कूलमध्ये बोलावले. आमच्याकडे पालक म्हणून सहसा मुलींचे आईवडील येतात. सासूबाई पालक म्हणून समोर बसल्या, असा प्रसंग निदान माझ्या माहितीत पहिलाच होता. पतीचे म्हणणे थोडक्यात असे होते, की शिक्षणाला त्यांचा विरोध नाही, पण घर चालत नाही. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. सुनेने शिकणे त्यांना पसंत नसावे असा माझा समज झाला होता, तो त्यांच्या एका वाक्याने दूर झाला. त्या म्हणाल्या, “ती कव्हय घर नही राहनार ते पहिलेच सांगा, मंग मी दखी लिसू.” (ती कधी घरी नसेल ते आधीच सांगा, मग मी बघून घेईन.)

त्यांची तक्रार कामाच्या ओझ्याबद्दल नव्हतीच. त्यांना न विचारता, न सांगता ते ओझे त्यांच्यावर येऊन पडत होते, हे त्यांना लागले होते. वर्षानुवर्षे घर चालवलेल्या बाईला कोणत्या दिवशी भाकरी कोण टाकणार, पोरांना अंगणवाडीत आणि शाळेत कोण सोडणार हे जमवता येते. फक्त तिला ते वेळेत कळले पाहिजे. मला स्वतःला या प्रकरणातले हे सर्वांत मोलाचे निरीक्षण वाटते आणि ते एका निरक्षर वृद्धेचे आहे, हे मुद्दाम नोंदवते.

त्यानंतर दोन ठिकाणी बदल झाले. पहिला स्कूलमध्ये : प्राचार्यांच्या संमतीने पुढच्या महिन्याचा रोटा चालू महिन्याच्या २० तारखेपर्यंत तयार करायचा आणि अगदी नाइलाज असल्याशिवाय तो बदलायचा नाही, असे ठरले. यासाठी वॉर्डच्या सिस्टर्सशी आधी बोलावे लागले, विभागांची अदलाबदल महिनाभर पुढची धरावी लागली आणि सुरुवातीला कुरकुरही झाली. पण एकदा घडी बसल्यावर सर्वांचेच काम सोपे झाले. वसतिगृहातल्या मुलींनाही गावी जायचे तिकीट आधी काढता येऊ लागले.

दुसरा बदल तिच्या घरात झाला. कालनिर्णयच्या पानावर प्रत्येक तारखेच्या चौकोनात तिने तिच्या ड्यूटीची पाळी, पतीने शेतीच्या लाईटची पाळी आणि सासूबाईंच्या सांगण्यावरून मुलीने नळाच्या पाण्याचा दिवस लिहायला सुरुवात केली. शेतीची रात्रीची लाईट आणि तिची रात्रपाळी एकाच तारखेला आली की त्या चौकोनाला लाल पेनाने गोल करायचा आणि त्या रात्री सासूबाई व मुले जावेकडे झोपायला जायची. जावेने हे फुकट करावे अशी अपेक्षा कोणी ठेवली नाही. पुढच्या हंगामात तिच्या शेतातला कापूस वेचायला या घरातून सुटीच्या दिवशी दोन माणसे जातील असा बोलीचा व्यवहार ठरला आणि तो पाळलाही गेला. नात्यात देणेघेणे स्पष्ट असले की कटुता येत नाही, हे खेड्यातल्या माणसांना वेगळे शिकवावे लागत नाही.

नर्सिंग होममधली रात्रीची कामे तिने पूर्ण बंद केली. वॉर्डाच्या आदल्या रात्री जागरण करणार नाही, हे तिने मला आणि घरच्यांना लिहून दिले. नर्सिंग होमने फक्त रविवारच्या दिवसपाळीचे काम देण्यास नकार दिल्याने ती नोकरी सुटली. आलेला खड्डा काही अंशी बचत गटाच्या कर्जाने भरला, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर रखडलेल्या शिष्यवृत्तीच्या अर्जातली त्रुटी दुरुस्त केल्यावर काही रक्कम आली, आणि तरीही ते वर्ष पैशाच्या दृष्टीने फार ओढाताणीचे गेले. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, त्याचा मात्र तिला थेट उपयोग झाला. दुपारपाळी आठला सुटल्यावर गाडीची वेळ जुळत नसे. पूर्ण भाड्यात रोज एसटी परवडली नसती.

रजांचेही तिने आता आधीच ठरवायला सुरुवात केली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही खान्देशातली देवी बसते आणि सोमवारी विसर्जन होते. भाऊबंद जमतात, नैवेद्याचे रोट होतात, घरच्या सुनेला त्या दिवशी बाहेर जाता येत नाही आणि तिला जायचेही नव्हते. महिनाभर आधी रोटा ठरत असल्याने तिने तो सोमवार तासिकांचा येईल अशी विनंती केली आणि आम्हाला ती मान्य करता आली. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी जाणे मात्र ती शिकत होती तोवर जमले नाही. परीक्षेचा अभ्यास आणि माहेर यांतले एकच शक्य होते.

पतीच्या वाट्याविषयी दोन वाक्ये आवश्यक आहेत. नळाचे पाणी भरणे, मुलांच्या अंघोळी, सकाळी मोटारसायकलवरून स्टेशनवर सोडणे ही कामे त्यांनी घेतली आणि शेवटपर्यंत केली. स्वयंपाक त्यांनी शेवटपर्यंत केला नाही. मला हे अपुरे वाटते आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवले, पण जे त्यांनी केले ते नियमाने केले आणि त्या नियमितपणाचाच घराला आधार झाला.

तिसरे वर्ष

तिसऱ्या वर्षी प्रसूतीशास्त्र येते. प्रसूतिकक्षात कोणत्याही वेळापत्रकाचा पूर्ण भरवसा धरता येत नाही. ठरावीक प्रसूती स्वतःच्या हातांनी करून नोंदवहीत त्यांच्या नोंदी पूर्ण कराव्या लागतात आणि वेणा सुरू झालेल्या बाईला पाळी संपली म्हणून सोडून जाता येत नाही. घरचे यासाठी तयार होते, कारण त्या महिन्यात उशीर होणार हेसुद्धा कॅलेंडरवर आधीच लिहिलेले होते. एएनएम म्हणून मिळालेला अनुभव इथे तिच्या कामी आला. पहिलटकरणीच्या पाठीवर हात ठेवून, तिच्याशी तिच्या बोलीत बोलत, श्वास कधी घ्यायचा आणि जोर कधी लावायचा हे ती ज्या शांतपणे सांगे, ते पाहायला मी इतर विद्यार्थिनींना मुद्दाम उभे करत असे.

महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची अंतिम परीक्षा ती पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी झाली आणि आज ती जळगावच्या एका रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. सरकारी भरतीसाठी तिने अर्ज केला आहे. सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुनेची इंटर्नशिप संपेपर्यंत लांबली होती, ती आता झाली आहे.

एक गोष्ट मात्र कॅलेंडरच्या कोणत्याही चौकोनात आली नव्हती. मोठी मुलगी पीठ मळू लागली होती, धाकट्याचा अभ्यास घेऊ लागली होती, आणि वडील शेतातून उशिरा परतत त्या पहाटे नळाचे पाणीही तीच भरत होती. तिच्या वर्गशिक्षिकेने, ही मुलगी ठरावीक दिवसांआड शाळेत उशिरा येते किंवा येतच नाही असे कळवले, तेव्हा तारखा ताडून पाहिल्या; त्या पाण्याच्या दिवसांशी जुळल्या. ती तेव्हा सहावीत होती आणि तिचे गणित पुष्कळ मागे पडले होते. त्यानंतर पतीने त्या दिवशी शेतात उशिरा जायचे किंवा जावेच्या मुलाला मदतीला घ्यायचे असे ठरले, पण मागे पडलेले गणित अजून पूर्ण भरून निघालेले नाही.

लग्न झालेल्या विद्यार्थिनीचा प्रवेश असला की आता मी घरच्यांना समोर बसवून घरात स्वयंपाक कोण करते, शेतीची लाईट कधी असते, नळ कोणत्या दिवशी येतो हे विचारून लिहून घेते. आणि घरात मोठी मुलगी असेल तर तिची शाळा किती वाजता भरते, हेही त्याच कागदावर लिहिते.